बाजेवरच्या बाईची विचारपूस

अमरावती विभागात शेतकरी आत्महत्यांची नोंद दोन रकान्यांत होते: पात्र आणि अपात्र. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती एकेक प्रकरण तपासते. सातबारावर नाव होतं का, कर्ज थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का, एवढं पाहिलं जातं. प्रकरण पात्र ठरलं तर घरच्यांना एक लाख रुपये मिळतात. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम या पाच जिल्ह्यांत वर्षानुवर्षं हे रकाने भरले जात आहेत. वऱ्हाडातल्या मनाच्या दुखण्याबद्दल बाहेरच्या जगाला जे काही ठाऊक आहे, ते बहुतेक या रकान्यांतूनच गेलेलं आहे.

या कागदावर माणूस येतो तो मेल्यावर. त्याआधीचे महिने तो झोपत होता का, जेवत होता का, त्याचं बोलणं कधी बंद झालं, हे कोणी लिहून ठेवत नाही. आणि सातबारावर ज्यांचं नावच नाही, म्हणजे या मुलखातल्या बहुसंख्य बायका, त्यांची तर सहसा कोणत्याच रकान्यात सोय नसते. निंदणाला जाणारी, कापूस वेचणारी, सवंगणीला राबणारी बाई सहसा शेतकरी धरली जात नाही. तिच्या जिवाचं बरंवाईट झालं तर ‘घरगुती कारण’ एवढा शेरा पडतो आणि फाइल मिटते.

कर्ज, नापिकी, पडलेले भाव हे प्रश्न खरे आहेत आणि त्यांची उत्तरं दवाखान्यात मिळत नाहीत, हे सुरुवातीलाच सांगते. मनाच्या आजाराचं नाव पुढे करून कोणी सरकारला हमीभावाच्या जबाबदारीतून सोडवू पाहील, तर त्याला या पुस्तकाचा आधार मिळणार नाही. पण एकाच गावात तेवढंच कर्ज असलेली दहा घरं असतात, आणि त्यांतल्या एखाद्या घरातला माणूस खाटेवरून उठेनासा होतो. त्या माणसाला औषधाचा, बोलण्याचा, सोबतीचा उपयोग होतो. हा उपयोग त्याला भाव सुधारेपर्यंत थांबवून ठेवायचा का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि हे पुस्तक त्या उत्तरापोटी तयार झालं आहे.

ज्यांच्या घरात कुणाला उदासीचा किंवा बायपोलरचा आजार आहे ती घरं, गावातल्या आशाताई आणि अंगणवाडीताई, आणि स्वतः आजारी असलेली माणसं, यांच्यासाठी हे लिहिलं आहे. त्यातला जवळपास अर्धा भाग गरोदरपण आणि बाळंतपणाबद्दल आहे. इतकी जागा त्याला का, याचा खुलासा पुढे येईलच.

उदासी कुणाला येत नाही? दोन-चार दिवस करमत नाही, मग माणूस कामाला लागतो. आजार म्हणायचं ते ही अवस्था निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ टिकली आणि रोजची कामं अडू लागली की. आमच्याकडे मात्र ‘मी उदास आहे’ असं सांगत कोणी दवाखान्यात येत नाही. ‘डोक्सं जड रायते’, ‘जीव घाबरते’, ‘हातपाय गळून गेले’, ‘कशात मनच लागत नाही’ ही इथली भाषा. त्यामुळे पहिली धाव गावातल्या डॉक्टरकडे, तिथे एक सलाईन, ताकदीची इंजेक्शनं, मग अकोल्याला किंवा अमरावतीला जाऊन रक्त-लघवी, सोनोग्राफी, डोक्याचा फोटो. पैसे संपतात, रिपोर्ट नॉर्मल येतात, आणि घरचे म्हणतात, ‘काही नाही निघालं, ढोंग आहे.’ पुरुषाचं दुखणं आणखी वेगळ्या वाटेने बाहेर पडतं: चिडचिड, दारू, वावरात न जाणं, पानठेल्यावरच्या मित्रांनाही टाळणं. घरच्यांना तो आळशी झालेला दिसतो.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मोठ्या माणसांपैकी १०.६ टक्क्यांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. निरनिराळ्या आजारांत उपचाराबाहेर राहिलेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत होतं. म्हणजे ज्यांना गरज आहे त्यांतले बहुतेक जण दवाखान्याच्या दारापर्यंतही पोचत नाहीत.

बायपोलरबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तो आजार आहे हे घराला सर्वांत उशिरा कळतं. मृगाच्या तोंडावर एखादा माणूस अचानक उत्साहाने भरून जातो. तीन-चार रात्री झोपत नाही आणि तरी थकत नाही. पहाटे दोनला वखर घेऊन निघतो. कृषी केंद्रातून उधारीवर दुप्पट बियाणं उचलतो, बैलजोडी बदलतो, बहिणीला जमीन देऊन टाकतो, सरपंचकीला उभा राहणार म्हणून गावजेवण घालतो. पहिले काही दिवस लोक कौतुक करतात, मग हसतात, मग मारामारी होते. आणि दोन-तीन महिन्यांनी तोच माणूस भिंतीकडे तोंड करून पडतो, कारण उधारी आता समोर आलेली असते आणि मनही खाली कोसळलेलं असतं. घराला दिसतात ती दोन वेगवेगळी माणसं. दोन्ही अवस्था एकाच आजाराच्या आहेत, हे समजलं की निम्मा राग निवतो. चढत्या काळात झोप कमी होणं हे पहिलं लक्षण असतं, आणि ते घरच्यांनाच आधी दिसतं. त्या वेळी भांडून उपयोग नसतो. पासबुक, सातबारा, गाडीची किल्ली सांभाळायची आणि त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा.

लिथियम हे या आजारावरचं जुनं आणि गुणकारी औषध. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी त्याचा उपयोग १९४९ साली दाखवून दिला. स्वस्त आहे, पण त्याला रक्ततपासणी लागते, कारण उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर थोडं असतं. आता अकोल्याचा उन्हाळा आठवा. पारा ४५ च्या पुढे, घामाच्या धारा, दिवसभर वावरात किंवा वीटभट्टीवर. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. हातांना जोराची थरथर, उलटी-जुलाब, झोकांड्या जाणं, गोंधळलेपण ही त्याची खूण. गाव म्हणतं, ऊन लागलं. अंगदुखीसाठी मेडिकलवरून आणलेल्या काही वेदनाशामक गोळ्यांनीही हेच होतं. लिथियम घेणाऱ्याने मे महिन्यात भरपूर पाणी प्यावं, मीठ एकदम तोडू नये, विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी घेऊ नये, आणि ही लक्षणं दिसताच डोस थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं. मुंबई-पुण्याला छापलेल्या माहितीपत्रकात या गोष्टी सापडल्या तरी एका ओळीत असतात. इथे त्यांना आख्खं प्रकरण दिलं आहे.

आता जमेची बाजू. हे सगळं खेड्यात करता येतं का, याचं उत्तर अमरावती जिल्ह्यानेच दिलेलं आहे, आणि ते इथल्या लोकांना पुरेसं ठाऊक नाही याची मला फार रुखरुख आहे. ‘विदर्भ स्ट्रेस अँड हेल्थ प्रोग्रॅम’, थोडक्यात ‘विश्राम’, हा कार्यक्रम टाटा ट्रस्टच्या मदतीने आणि गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेच्या अनुभवावर या जिल्ह्यातल्या खेड्यांत राबवला गेला. मानसोपचारतज्ज्ञ गावात वस्तीला येणार नाही, हे त्यांनी आधीच धरून चालवलं. गावातल्याच कार्यकर्त्यांनी बैठका घेतल्या, घरोघर जाऊन या दुखण्याबद्दल बोलायला सुरुवात केली आणि अडचणीतल्या माणसाला पहिला धीर दिला. त्यांच्यावर प्रशिक्षित समुपदेशक होते, आणि गंभीर रुग्णांसाठी डॉक्टर. डॉ. राहुल शिधये, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी याचा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त प्रसिद्ध केला. ३० गावांत सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक उपचारापर्यंत पोचलेले होते. १८ महिन्यांनंतर हे प्रमाण २७.२ टक्के झालं.

दीड वर्षात सहापट. त्यासाठी नवं औषध निघालं नव्हतं की मोठी इमारत उभी राहिली नव्हती. ओळखीचं माणूस ओट्यावर येऊन बसलं आणि त्याने विचारलं, एवढंच. समुपदेशकाचं कामही ऐकायला साधं वाटतं. अशाच तऱ्हेची एक पद्धत गोव्यात ‘हेल्दी अॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ या नावाने पारखली गेली आहे: सहा ते आठ बैठका, आणि प्रत्येक बैठकीत पुढच्या आठवड्यासाठी लहान-लहान कामं ठरवणं. सकाळी अंघोळ. संध्याकाळी मारुतीच्या पारापर्यंत चक्कर. बहिणीला एक फोन. उदास माणूस बरं वाटण्याची वाट पाहतो आणि तोवर काही करत नाही. इथे क्रम उलटा केला जातो: आधी थोडं काही करायचं, मग मन हळूहळू मागून येतं.

सत्तावीस टक्के म्हणजे अजून त्र्याहत्तर टक्के बाहेर, हेही खरं. प्रकल्पाला मुदत असते आणि आजाराला नसते. राज्य सरकारने २०१५ मध्ये १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यात आशाताईंनी घरोघर जाऊन ताणाखालची माणसं शोधायची होती. दिशा बरोबर होती. पण त्याचा रोख पुन्हा शेतकऱ्यावरच होता. अशा शोधातून चुलीपाशी बसलेली, कडेवर तीन महिन्यांचं लेकरू असलेली सून सहज सुटते.

तिच्याकडे आता वळते.

वऱ्हाडात पहिलं बाळंतपण माहेरी. सव्वा महिना बाजेवर, अंगाला शेक, धुरी, डिंकाचे-मेथीचे लाडू, कानाला फडकं, पाचवीची पूजा, बाराव्या दिवशी पाळणा. या रिवाजांत चांगलं पुष्कळ आहे. आई जवळ असते, झोप मिळते, पाण्याची घागर उचलावी लागत नाही. खारपाणपट्ट्यातल्या दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरकडच्या गावांत पिण्याच्या पाण्यासाठी बाई किती पायपीट करते हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना या विश्रांतीची किंमत कळेल. पण या सगळ्या सोहळ्यात तिने आनंदी असणं धरूनच चाललेलं असतं. तिला तसं वाटत नसेल तर ते बोलायला जागा उरत नाही.

अशी एक बाई डोळ्यांसमोर आणा. बाळ पंधरा दिवसांचं. ती रडते, कशाला रडते ते तिला सांगता येत नाही. बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नाही. एक दिवस ती आईला हळूच म्हणते, ‘माय, मले लेकराकडे पाहूच वाटत नाही.’ आई घाबरते, तोंडावर हात ठेवते, असं बोलू नये म्हणते. आजी म्हणते, ‘आमी नाई का सात-सात लेकरं काढली? आमाले तं काही झालं नाही.’ कुणी म्हणतं वात झाला, कुणी म्हणतं बाहेरचं लागलं. दुसऱ्या दिवसापासून ती गप्प होते, आणि घराला वाटतं, सुधारली.

बाळंतपणानंतरच्या मनाच्या तीन अवस्था वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. पहिली म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारं रडू. निम्म्याहून जास्त बायकांना ते येतं, हसता-हसता डोळे भरतात, आणि दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरतं. त्याला औषध लागत नाही, जवळ बसणारं माणूस लागतं. दुसरी अवस्था नैराश्याची. ती दोन आठवड्यांत जात नाही, वाढत जाते. पहिल्या वर्षात केव्हाही सुरू होऊ शकते, आणि कित्येकींच्या बाबतीत गरोदरपणातच सुरू झालेली असते. भारतातल्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘बुलेटिन’मध्ये २०१७ साली आला, त्यात हे प्रमाण सुमारे २२ टक्के निघालं. त्याआधी, २००२ मध्ये, गोव्यातल्या मातांचा विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसूझा यांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य होतं. गरिबी आणि नवऱ्याशी बिनसलेलं नातं ही त्यामागची कारणं होती, आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं हेही. हे तिसरं कारण वाचून वऱ्हाडात कुणाला आश्चर्य वाटणार नाही. दुसरी मुलगी झाल्यावर पेढे न वाटणाऱ्या घरात त्या बाईला नैराश्य आलं, तर तिच्या हार्मोन्सना दोष देऊन मोकळं होता येत नाही.

तिसरी अवस्था हजारात एक-दोघींच्या वाट्याला येते, पण ती खरी तातडीची. बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, झपाट्याने. झोप पूर्ण उडते, बोलणं तुटक होतं, मधूनच फार आनंद, मधूनच भीती. बाळ बदललं आहे, बाळात कुणी शिरलं आहे, आवाज येत आहेत, असं ती म्हणते. ही बाळंतपणानंतरची सायकोसिस. इथे उद्यावर टाकायचं नाही. तिला आणि बाळाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. उपचारांनी यांतल्या बहुतेक बायका पूर्ण बऱ्या होतात, आणि हे मी मुद्दाम ठासून लिहिते, कारण याच बायकांना ‘येडी’ ठरवून कायमचं माहेरी आणून सोडलं जातं. ज्यांना आधीपासून बायपोलर आहे किंवा आईला-बहिणीला हे झालेलं आहे, त्यांना धोका बराच जास्त. बायपोलरच्या एका मोठ्या प्रकारात पाचांतल्या एकीला बाळंतपणानंतर असा तीव्र झटका येतो. हे आधी माहीत असेल तर तयारी करता येते. त्या तयारीत सर्वांत मोठं औषध म्हणजे रात्रीची झोप. तिला रात्री सलग काही तास झोपू द्यायचं, तेवढा वेळ बाळ आजीने, नणंदेने, नवऱ्याने सांभाळायचं.

आता आशाताईचं वेळापत्रक पाहा. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी तिने सहा वेळा जायचं असतं: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ असं सामान पिशवीत. बाळाचं वजन, ताप, श्वास, नाळ, दूध पिणं, सगळं तक्त्यात भरायचं. तिसरा दिवस म्हणजे रडू येण्याचा दिवस. सातवा आणि चौदावा म्हणजे सायकोसिस उफाळण्याचे दिवस. एकविसाव्यापासून पुढे नैराश्य स्वतःहून ओसरणाऱ्या रडण्यापेक्षा वेगळं दिसू लागतं. हे वेळापत्रक बाळाच्या जिवासाठी आखलेलं आहे, पण आईच्या मनासाठी वेगळं आखायला बसलो तरी याच्याहून चांगलं जमलं नसतं. बाज तिथेच असते, आई तिथेच असते, ओळखीची बाई समोर बसलेली असते. फक्त विचारायचं राहून जातं.

विचारायचं काय, तेही तयार आहे. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटत नाही असं झालं का? मन उदास, निराश राहिलं का? हे दोन प्रश्न आशाताईंना परके नाहीत. मधुमेह, रक्तदाबाचा धोका तपासायच्या सरकारी फॉर्ममध्ये ते छापलेले आहेत. पण तो फॉर्म भरला जातो तिशी गाठलेल्यांचा. आमच्या खेड्यातली पहिलटकरीण वीस-बावीस वर्षांची असते. फॉर्म तिच्यापर्यंत पोचतो तेव्हा तिची दोन्ही लेकरं शाळेत जात असतात. या दोन प्रश्नांना होकार आला तर एडिंबराची दहा प्रश्नांची प्रश्नावली आहे, १९८७ पासून जगभर वापरात असलेली. तिच्यातला दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तो विचारायला लोक घाबरतात, विचारल्याने विचार डोक्यात शिरेल असं वाटतं. तसं होत नाही. बहुतेक बायकांना कुणीतरी विचारलं याचा दिलासा वाटतो. होकार आला की तिला एकटं ठेवायचं नाही, आणि घरातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी घराबाहेर, कुलपात, शक्यतो शेजाऱ्याकडे. ते बाजेखाली किंवा माळ्यावर ठेवायची आपली सवय यापुढे मोडलीच पाहिजे.

एक अडचण इथल्या रिवाजातून येते. गरोदरपणाची नोंद सासरच्या आशाताईकडे, बाळंतपण माहेरच्या गावात, आणि तीन-चार महिन्यांनी बाई पुन्हा सासरी. तोवर बेचाळीस दिवसांतल्या या भेटी संपलेल्या असतात. माहेरची ऊब संपून कामाचा डोंगर समोर येतो तो नेमका त्याच वेळी. दोन्ही आशाताईंनी एकमेकींना एक फोन करावा, ‘आमची लेक तुमच्याकडे येऊन रायली, तिच्याकडे लक्ष असू द्या’ एवढाच. आणि हे काम वाढवायचं तर त्याचा मोबदलाही वाढवा. सहाही भेटींचे मिळून अडीचशे रुपये देऊन वर मनाची जबाबदारी टाकणं मला पटत नाही.

औषधांबद्दल घराघरात एकच सल्ला चालतो: दिवस गेले की मनाच्या गोळ्या बंद. तो धोक्याचा आहे. अचानक बंद केलेल्या औषधामुळे आजार उलटतो, आणि उलटलेला आजार बाळालाही भोवतो. नैराश्यावरची काही औषधं गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही चालतात. सर्ट्रालीन दुधात फार थोडं उतरतं. उलट व्हॅलप्रोएट हे फिट्स आणि बायपोलरसाठी सर्रास दिलं जाणारं औषध गर्भाच्या मेंदूला आणि मणक्याला इजा करू शकतं, म्हणून मूल होण्याच्या वयातल्या बाईला ते शक्यतो देऊच नये. घेत असेल तर दिवस जाण्याआधी, डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलून घ्यावं. मुलीला मनाचा आजार असेल तर लग्नाआधी लपवण्यापेक्षा लग्नानंतर मुलाचा विचार करण्याआधी डॉक्टरांशी बसून ठरवणं जास्त गरजेचं. लपवलेली गोळी लपूनच चुकते. आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासून घ्यावंच. ते बिघडलेलं असेल तर मनही खचतं, आणि ही तपासणी कुणाला लाजिरवाणी वाटत नाही, त्यामुळे बाई घराबाहेर पडते.

अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटाचं, म्हणजे कोरकू आदिवासींच्या डोंगराळ मुलखाचं, वेगळं सांगायला हवं. धारणी, चिखलदऱ्यातल्या बालमृत्यूंवर १९९० च्या दशकापासून लिहिलं गेलं, कोर्टात याचिका झाल्या, समित्या आल्या. मेलेल्या लेकरांचं वजन, वय, आहार यांच्या नोंदी आहेत. त्या लेकरांच्या आयांचं पुढे काय झालं? लेकरू गेल्यावर महिनाभरात त्या पुन्हा मजुरीला गेल्या, वर्षभरात पुन्हा गरोदर राहिल्या. त्यांच्या दुःखाची विचारपूस कोरकू भाषेत कुणी केली का, हा प्रश्न कोणत्याही समितीपुढे असायला हवा. धारणीहून अमरावती शंभरावर किलोमीटर, मध्ये सेमाडोहचा घाट. तिथे भूमका, म्हणजे गावातला मांत्रिक-वैदूच, आधी गाठला जाणार, आणि त्याला शत्रू मानून चालणार नाही.

सपाटीवरही वेगळं नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानीच्या दर्ग्यावर मनाने आजारी माणसांना घेऊन जाणारी कुटुंबं अकोला-अमरावतीतूनही निघतात. तिथे जाणारा माणूस मूर्ख नसतो. त्याला दवाखान्यात कुणी ऐकलेलं नसतं, आणि तिथे निदान सोबतीला हजारो माणसं असतात. गुजरातेत मीरा दातारच्या दर्ग्यावर दवा आणि दुवा एकत्र देण्याचा प्रयोग झाला, तो मला शहाणपणाचा वाटतो. नवस करा, अंगारा लावा, गोळी चुकवू नका. मात्र जिथे बांधून ठेवणं, मारणं, चटके देणं, उपाशी ठेवणं आलं तिथे तडजोड नाही. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ मनोरुग्णांना ठेवण्याच्या एका जागेला ऑगस्ट २००१ मध्ये आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं पळताही न येता जळून मेली. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि असले अघोरी उपचार त्याखाली गुन्हा आहेत.

कायद्याचा आणखी एक आधार फार थोड्यांना ठाऊक आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की उपचारासाठी दाखल झालेल्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल एरवी वेगळं करू नये. बाळाला धोका असेल तेवढ्यापुरतंच ते दूर ठेवावं, आणि भेट चालू ठेवावी. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये आई आणि बाळाला एकत्र ठेवणारा विभाग २००९ पासून चालतो. आमच्याकडे ‘दाखल करा’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे १८६४ पासूनचं नागपूरचं मनोरुग्णालय येतं, आणि बाई तिकडे, तान्हं लेकरू इकडे अशी ताटातूट. या भीतीपोटी कित्येक घरं शेवटपर्यंत थांबतात. अमरावतीच्या डफरीनमध्ये आणि अकोल्याच्या लेडी हार्डिंगमध्ये, म्हणजे बायकांच्या सरकारी दवाखान्यांत, आईला बाळासह ठेवून मनाचा उपचार करण्यासाठी दोन-दोन खाटा राखून ठेवाव्यात, ही माझी मागणी आहे. खर्च मोठा नाही. बाळंतपणाच्याच दवाखान्यात उपचार झाले तर गावात बोभाटा होत नाही, आणि सासरचेही सोबत यायला तयार होतात.

सोबत देणं म्हणजे नेमकं काय, याबद्दल पुस्तकात पुष्कळ आहे, म्हणून इथे थोडंच. सल्ला कमी द्या. ‘मन खंबीर कर’, ‘देवाचं नाव घे’, ‘तुले काय कमी आहे?’ ही तीन वाक्यं तिने इतक्यांदा ऐकलेली असतात की ती ऐकल्यावर ती बोलायचीच थांबते. ‘आज काय जड जाऊन रायलं?’ असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत बसा. ताट वाढून समोर ठेवा. दवाखान्याच्या तारखेला काळी-पिवळीने सोबत जा, ओपीडीच्या रांगेत बाळ तुमच्याकडे घ्या. गोळी लागू पडायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करू देऊ नका. आणि नवऱ्याकडेही पाहा. बाळंतपणानंतर बापही खचतात, त्यांना तर कोणी विचारतच नाही. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर १४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेला. त्यावर मराठीत बोलता येतं, आणि आजारी माणसाऐवजी घरच्यांनी फोन केला तरी चालतो.

पुस्तकाच्या शेवटी एक कोरा तक्ता आहे. रात्री बाळ कोण सांभाळील, गोळ्यांची आठवण कोण ठेवील, दवाखान्यात सोबत कोण जाईल, गाडी कुणाची, घरातलं फवारणीचं औषध कुठे ठेवलं आहे, आणि बाई वेगळं बोलू लागली तर पहिला फोन कुणाला. हा तक्ता बाळंतपणाआधी भरायचा आहे. सातव्या महिन्यात ओटी भरायला दोन्हीकडची माणसं जमतात, त्याच दिवशी जेवणं आटोपल्यावर, पुरुषांनाही बसवून, नावानिशी भरून घ्यावा. एक प्रत माहेरी, एक सासरी, आणि एक आशाताईकडे.